संशय आहे, खात्री नाही: कळवावे की थांबावे?

ओंजळ (प्रश्न)

गेली दोन वर्षे मी आठवड्यातून तीन दिवस एका केंद्रात स्वयंसेवक म्हणून जाते. तळमजल्यावर शाळा सुटल्यानंतर मुलांचा अभ्यासवर्ग भरतो आणि वरच्या मजल्यावर, ज्यांना घरी दिवसभर एकटे ठेवता येत नाही अशा वृद्ध आणि अपंग व्यक्तींना सांभाळले जाते. दोन्हीकडे माझे काम किरकोळ आहे. वाचून दाखवणे, गणिते तपासणे, सोबत बसणे, एवढेच. गेल्या महिन्यात मात्र दोन गोष्टी अशा दिसल्या की त्या मनातून जात नाहीत.

पहिली गोष्ट आठ वर्षांच्या एका मुलाची. त्याच्या डाव्या कानामागे आणि जबड्याच्या कडेला काळानिळा डाग होता. सायकलवरून पडलो, असे तो म्हणाला. दहा दिवसांनी उजव्या दंडाच्या आतल्या बाजूला तसाच डाग दिसला आणि या वेळी कारण दाराचे होते. पूर्वी तो वर्गात मध्यभागी बसायचा, आता भिंतीला पाठ लावून बसतो आणि आज न्यायला कोण येणार हे दर थोड्या वेळाने विचारतो. एक ठरावीक नातेवाईक आला, की दप्तर भरायला त्याला फार वेळ लागतो.

दुसरी गोष्ट वरच्या मजल्यावरच्या, सत्तरीच्या एका बाईंची. पक्षाघातानंतर त्यांचे बोलणे अडखळते, पण समज चांगली आहे असे मला वाटते. त्यांचे श्रवणयंत्र महिनाभर ‘दुरुस्तीला’ आहे आणि चष्माही आता दिसत नाही. त्यांना काहीही विचारले तरी उत्तर भाचा देतो. तो नसताना त्यांनी मला दोनदा एकच प्रश्न विचारला: “सही केली की घर जातं का?”

मी केंद्राच्या प्रमुखांना हे सांगितले. दोन्ही घरे चांगली आहेत, खोटा आळ आला तर माणसे उद्ध्वस्त होतात, आणखी काही दिवस लक्ष ठेवू, असे ते म्हणाले. मी डॉक्टर नाही आणि पोलीसही नाही. किती दिसले म्हणजे कळवण्याइतके दिसले असे समजायचे? मुलाला मी स्वतः विचारावे का? आणि त्या बाई तर सज्ञान आहेत, मग त्यांच्या बाबतीत मला बोलण्याचा अधिकार तरी आहे का? धीराचे शब्द नकोत, माहिती हवी आहे.

शिशुकक्ष

मी एकोणीस वर्षे बालरोग विभागात परिचारिका होते, त्यामुळे आधी डागांविषयी लिहिते. चालती-धावती मुले पडतात तेव्हा शरीराचा जो भाग पुढे असतो आणि जिथे कातडीखाली लगेच हाड असते, तिथे त्यांना लागते: गुडघे, नडगी, कोपर, कपाळ, हनुवटी. कानामागची जागा, मान, गालाचा मांसल भाग, पोट, दंडाची किंवा मांडीची आतली बाजू या जागा पडताना सहसा वाचतात, कारण त्या आडोशाला असतात किंवा आपले हातच त्या झाकतात. म्हणून डाग किती मोठा आहे यापेक्षा तो कुठे आहे हे आम्ही आधी पाहतो.

चार वर्षांखालील मुलांसाठी अमेरिकेतील डॉक्टरांनी २०१० मध्ये एक नियम मांडला आणि २०२१ मध्ये मोठ्या पाहणीनंतर तो विस्तारला. धड, कान किंवा मान यांवर डाग असेल, जबड्याच्या कोनावर, पापणीवर किंवा गालाच्या मांसल भागावर असेल, ओठाला हिरडीशी जोडणारा आतला पडदा फाटलेला असेल, डागात बोटांचा किंवा पट्ट्याचा आकार उमटलेला असेल, तर सखोल तपासणी झालीच पाहिजे. पाच महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर तर कुठेही एक डाग पुरेसा मानला जातो, कारण जे बाळ अजून स्वतः हलत नाही ते स्वतःला आपटून घेऊ शकत नाही. तुम्ही सांगता तो मुलगा आठ वर्षांचा आहे, म्हणजे हा नियम त्याला जसाच्या तसा लागू होत नाही. पण कानामागची जागा आठव्या वर्षीही तितकीच आडोशाची असते. शिवाय दोन डागांची दोन कारणे, आणि दोन्ही कारणे त्या जागांशी न जुळणारी, ही बाब डागांइतकीच महत्त्वाची आहे.

डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे सांगण्याचा प्रयत्न करू नका. लाल म्हणजे ताजा आणि पिवळा म्हणजे जुना, हे ऐकायला सोपे वाटते, पण अनुभवी डॉक्टरही त्यात चुकतात, आणि सावळ्या कातडीवर तर डाग मुळातच नीट दिसत नाही. डागासारखे दिसणारे पण डाग नसलेलेही पुष्कळ असते. अनेक बाळांच्या कमरेवर आणि कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर-करडे चट्टे असतात. रक्त न गोठण्याचे आजार असतात. कातडीचा एक साधा संसर्ग सिगारेटच्या चटक्यासारखा दिसतो. हे वेगळे करणे डॉक्टरांचे काम आहे. मात्र मूल डॉक्टरांपर्यंत पोहोचले तरच ते होऊ शकते.

उलट बाजूही सांगते. अंगावर काही नाही याचा अर्थ काही घडले नाही असा होत नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या बहुसंख्य मुलांच्या शारीरिक तपासणीत काहीच सापडत नाही. हेळसांडीत तर वण नसतोच: दुखणारा दात महिनोन्महिने तसाच राहतो, लहान भावंडाला सांभाळण्यासाठी शाळा बुडते, भूक लपवली जाते.

‘चांगली घरे’ या शब्दांवर मात्र माझा आक्षेप आहे. १९४६ मध्ये जॉन कॅफी या क्ष-किरणतज्ज्ञाने तान्ह्या मुलांच्या डोक्यातील रक्तस्राव आणि हातापायांच्या हाडांची मोडतोड एकत्र आढळते, असे लिहून ठेवले होते. हेन्री केंपे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलाचे हे चित्र नाव देऊन प्रसिद्ध केले ते १९६२ मध्ये. मधली सोळा वर्षे डॉक्टरांच्या हातात क्ष-किरणांची चित्रे होती, पण आईबापच असे करू शकतात हे मान्य करण्याची बहुतेकांची तयारी नव्हती. आपली नजर चांगल्या घरापाशी थबकते, हे डॉक्टरांच्याही बाबतीत खरे ठरले आहे.

आणि ‘आणखी काही दिवस लक्ष ठेवू’ म्हणजे नेमके कशाची वाट पाहायची? पुढचा पुरावा म्हणजे पुढचा मार.

दुसरी बाजू

मी या विषयावर सहसा लिहीत नाही, पण केंद्रप्रमुखांना इतक्या सहज मोडीत काढू नये असे वाटते. माझ्या मुलीच्या अंगावर चौथ्या वर्षी असेच डाग यायला लागले. तिच्या शाळेतून कोणीतरी कळवले आणि तीन आठवडे आमची चौकशी चालली. शेवटी तिच्या रक्तातील बिंबिका (प्लेटलेट्स) कमी झाल्याचे निदान झाले आणि प्रकरण मिटले. त्या तीन आठवड्यांत मी आणि माझी पत्नी एकमेकांशीही धड बोललो नाही.

मात्र आज मागे वळून पाहताना मी एक फरक करतो. कळवले म्हणून माझे नुकसान झाले नाही; उलट त्या चौकशीमुळेच मुलीचा आजार लवकर सापडला. नुकसान झाले ते, ज्यांच्याशी या गोष्टीचा काही संबंध नव्हता त्यांना ती कळली म्हणून. शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली, तिथून ती पालकांपर्यंत गेली, आणि निदान झाल्यानंतरही दोन कुटुंबांनी आपली मुले आमच्याकडे खेळायला पाठवली नाहीत. तेव्हा कळवायचे असेल तर जरूर कळवा, पण जिथे कळवायचे तिथेच कळवा. चहाच्या टेबलावर नको, मैत्रिणीला नको, आणि केंद्रातल्या ज्या सहकाऱ्याला हे माहीत असण्याची गरज नाही त्यालाही नको.

ऐकणारा कान

वरचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर मी बरीच वर्षे समुपदेशक होतो आणि नव्या लोकांना शिकवताना हेच सांगत असे: आपल्याकडे आलेला संशय हा आरोप नसतो. ती एक माहिती असते, आणि ती खरी की खोटी हे ठरवणारी माणसे वेगळी असतात. ‘कळवण्याइतके दिसले का’ या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की वाजवी शंका पुरेशी आहे. खात्री करून घेणे हे तुमचे काम नाही, आणि तुम्ही ते करायला गेलात तर बहुधा प्रकरण बिघडेल.

का बिघडेल ते सांगतो. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीविषयी लैंगिक अत्याचाराची तक्रार झाली. त्यानंतर शेकडो मुलांना पुन्हा पुन्हा विचारले गेले, हवे ते उत्तर सुचवत विचारले गेले, आणि मुलांची उत्तरे दिवसेंदिवस अधिक विचित्र होत गेली. खटले १९९० पर्यंत चालले आणि एकालाही शिक्षा झाली नाही. त्या मुलांपैकी कोणाच्या बाबतीत काही घडले होते का, हे ओळखण्याची वाटही त्या प्रश्नांनीच बुजवली. त्यानंतर मुलांशी कसे बोलावे यावर पुष्कळ संशोधन झाले आणि त्याचा गाभा साधा आहे: मूल स्वतःच्या शब्दांत सांगेल असा मोकळा प्रश्न विचारावा आणि मग गप्प बसावे.

म्हणून मुलाला विचारायचे तर एकदाच विचारा, एकांतात पण आडोशाला नव्हे, आणि ‘हे कसे झाले ते मला सांगशील?’ एवढेच विचारा. ‘काकांनी मारले का?’ हा प्रश्न कधीही विचारू नका, कारण त्यात उत्तर आधीच भरलेले आहे. तो पुन्हा दार म्हणाला, तर ‘बरं’ म्हणा आणि विषय सोडा. तो बोलला, तर चेहऱ्यावर धक्का दिसू देऊ नका, ‘तू सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझी चूक नाही’ असे सांगा, आणि कितीही गळ घातली तरी ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नका. हे वचन मोडावेच लागते, आणि मोडले की ते मूल पुढची अनेक वर्षे कोणालाच काही सांगत नाही असे मी पाहिले आहे. ‘मदत करू शकतील अशाच माणसांना सांगेन’ एवढे म्हणता येते. ज्या नातेवाइकावर शंका आहे त्याच्याकडे जाब मागू नका. त्या रात्री तो मुलगा त्याच घरात असतो.

नोंद त्याच दिवशी करा. तारीख, वेळ, शरीराची कोणती बाजू, डागाचा अंदाजे आकार, तुमचा प्रश्न आणि त्याचे उत्तर हे सारे, त्याने वापरले त्याच शब्दांत. ‘मुलगा घाबरलेला वाटला’ असे लिहू नका. ‘गाडीचा आवाज आल्यावर त्याने वही बंद केली आणि टेबलाखाली पाय ओढून घेतले’ असे लिहा. पहिल्या वाक्यात तुमचे मत आहे, दुसऱ्यात घडलेली गोष्ट आहे, आणि पुढच्या माणसाला दुसरीच उपयोगी पडते. कपडे बाजूला सारून डाग पाहू नका, मोबाइलवर छायाचित्रही काढू नका.

आणखी एक तयारी मनाशी ठेवा. आज बोललेले मूल उद्या ‘मी खोटे बोललो’ असे म्हणू शकते. रोलँड समिट या मनोविकारतज्ज्ञाने १९८३ मध्येच लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांच्या बाबतीत हे मांडले होते, की गुपित पाळणे, असहायता, जुळवून घेणे, उशिरा आणि तुटक सांगणे आणि शेवटी शब्द मागे घेणे या गोष्टी एकामागून एक येऊ शकतात. मारहाणीच्या प्रकरणांतही मी माघार पाहिली आहे. तेव्हा शब्द मागे घेतले एवढ्यावरून काही घडलेच नव्हते असे ठरत नाही. अर्थात, ते घडलेच होते असेही त्यावरून सिद्ध होत नाही.

कलमाचा मसुदा

कायद्याविषयी थोडक्यात लिहितो. बालहक्कांच्या १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचे कलम १९ मुलांना सर्व प्रकारच्या हिंसेपासून आणि हेळसांडीपासून संरक्षण देण्याची जबाबदारी देशांवर टाकते. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या कराराचे कलम १६ तेच अपंगांसाठी सांगते. पण कळवण्याची सक्ती कोणावर, हे प्रत्येक देश आपापले ठरवतो. अमेरिकेत केंपे यांच्या लेखानंतर पाच वर्षांत, म्हणजे १९६७ पर्यंत, सर्व राज्यांनी असे कायदे केले. तिथे काही राज्यांत ही सक्ती डॉक्टर, शिक्षक अशा व्यावसायिकांपुरती आहे, तर काहींत ती प्रत्येक नागरिकावर आहे. भारतात २०१२ च्या पोक्सो कायद्याचे कलम १९ मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांबाबत कोणत्याही व्यक्तीवर ही जबाबदारी टाकते, आणि सद्हेतूने माहिती देणाऱ्याला संरक्षणही देते; न कळवणाऱ्याची शिक्षा त्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. प्रौढांसाठीची व्यवस्था बहुतेक ठिकाणी वेगळी आणि बरीच विस्कळीत असते. तुम्ही जिथे आहात तिथला नियम तपासा, आणि ‘मी प्रमुखांना सांगितले होते’ एवढ्याने तुमची जबाबदारी संपते का हेही पाहा. अनेक ठिकाणी ती संपत नाही. तात्काळ धोका असेल तर मात्र नियम शोधत बसू नका, थेट पोलिसांना कळवा.

सांजवेळ

सगळे मुलाविषयी लिहीत आहेत आणि वरच्या मजल्यावरच्या बाई मागे राहिल्या आहेत. ही आमच्या क्षेत्रातली नेहमीचीच गोष्ट आहे. वृद्धांना होणाऱ्या मारहाणीचा वैद्यकीय नियतकालिकांत पहिला उल्लेख झाला तो १९७५ मध्ये, केंपे यांच्यानंतर तेरा वर्षांनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठ वर्षांवरील दर सहा जणांपैकी एकाने मागच्या वर्षभरात घरात किंवा समाजात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ सोसलेला असतो, आणि संस्थांमधल्या पाहण्यांत तर दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी आपण स्वतः वर्षभरात असे वागल्याचे कबूल केले आहे. छळ म्हटले की आपल्याला उगारलेला हात दिसतो. माझ्या कामात मी अधिक वेळा काय पाहते, तर काढून घेतलेले श्रवणयंत्र, हरवलेला चष्मा, हाताच्या अंतराबाहेर ठेवलेली काठी, फोनची बदललेली जागा. आधी माणूस एकटा पाडला जातो, आणि सहीचे कागद त्यानंतर येतात. तुमच्या प्रश्नात या दोन्ही पायऱ्या आहेत.

पण इथे मुलाच्या बाबतीतला नियम जसाच्या तसा लावू नका. त्या सज्ञान आहेत. स्वतःचे घर भाच्याला देण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, तो निर्णय तुम्हाला आणि मला मूर्खपणाचा वाटला तरीही. इंग्लंडच्या २००५ च्या मानसिक क्षमतेविषयीच्या कायद्यात हे तत्त्व फार स्वच्छ लिहिले आहे: प्रौढ व्यक्ती निर्णय घ्यायला समर्थ आहे असे आधी गृहीत धरावे, आणि निर्णय अविचारी आहे एवढ्यावरून तिला असमर्थ ठरवू नये. म्हणून पहिली पायरी म्हणजे त्यांनाच विचारणे. एकटीला, भाचा नसताना, त्यांना ऐकू येईल आणि दिसेल अशी सोय करून. पक्षाघातानंतर शब्द अडतात तेव्हा समजही गेली असे लोक धरून चालतात, आणि अनेकदा ते चूक असते. हो-नाहीची दोन कार्डे, चित्रे, बोट दाखवणे, आणि भरपूर वेळ, एवढ्यावर बरेच काही कळते. दुभाष्या म्हणून भाच्याला कधीही बसवू नका.

त्यांना तीन गोष्टी विचारा: काय चालले आहे, तुम्हाला काय हवे आहे, आणि मी कोणाला सांगितले तर चालेल. त्या ‘नको’ म्हणाल्या तर सहसा तो नकार पाळावा, मात्र मदत कुठे मिळते हे त्यांना सांगून ठेवावे आणि दार उघडे ठेवावे. नकार बाजूला ठेवावा लागतो तो जिवाला धोका असेल तेव्हा, त्याच माणसाच्या हाताखाली दुसरेही कोणी असहाय असेल तेव्हा, त्यांना खरोखरच निर्णय समजत नसेल तेव्हा, किंवा तो ‘नको’ त्यांचा नसून खोलीबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा आहे असे दिसेल तेव्हा. ही शेवटची अट सर्वांत अवघड आहे. इतक्या वर्षांनंतरही मला ती प्रत्येक वेळी नव्याने तोलावी लागते.

जाता जाता एक सूचना. पक्षाघातानंतर अनेकांना रक्त पातळ करणारी औषधे सुरू असतात, त्यामुळे साध्या धक्क्यानेही मोठे डाग पडतात. त्यांच्या अंगावर उद्या डाग दिसला तर तो लिहून ठेवा, पण त्या एकट्यावर काही उभारू नका. आणि भाचा थकून गेलेला असेल, दुष्ट नसेल, अशीही शक्यता ठेवा. थकलेल्या माणसाला मदत मिळवून देता येते. फक्त श्रवणयंत्र थकव्यामुळे महिनाभर गायब राहत नाही.

ओंजळ

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण मधल्या काळात बरेच घडले.

मुलाला मी एकदाच विचारले, सांगितले तसेच. तो काही बोलला नाही, फक्त पेन्सिलीला टोक करत राहिला. मी तेही लिहून ठेवले. त्याच दिवशी दोन्ही तारखांची नोंद घेऊन मी स्वतः बालसंरक्षणाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांकडे गेले आणि नंतर प्रमुखांना तसे कळवले. ते नाराज झाले; आता ते माझ्याशी कामापुरतेच बोलतात. पुढे काय झाले हे मला सांगितले गेले नाही, आणि ते सांगितले जाणार नाही हे त्या अधिकाऱ्यांनी आधीच स्पष्ट केले होते. मुलगा वर्गात येतो आहे. त्याला न्यायला आता त्याची आजी येते. यावरून मी कोणताही निष्कर्ष काढत नाही, आणि ‘दुसरी बाजू’ यांचे ऐकून इथल्याशिवाय कुठे बोललेलेही नाही.

वरच्या मजल्यावर काम हळू चालले आहे. मी जाड अक्षरांत कार्डे लिहून नेली. सहीविषयी विचारल्यावर त्यांनी ‘नाही’ चे कार्ड उचलले आणि बराच वेळ हातात धरून ठेवले. कोणाला सांगू का, या प्रश्नाला आधी ‘नाही’ आणि मग, मी कार्डे गोळा करत असताना, ‘हो’. यातले कोणते उत्तर धरायचे हे मला ठरवता आले नाही, म्हणून वृद्धांसाठी काम करणाऱ्या एका समाजसेविकेने भेटलेले चालेल का, एवढेच पुढच्या खेपेला विचारले. त्या वेळी कार्ड लागले नाही. त्यांनी मान हलवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले, चारवर. मंगळवारी भाच्याला यायला पाच वाजतात.